भिडेपोटी दिलेली गोळी

ताई,

मी मूळची सांगलीची. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करायला अमेरिकेत, इलिनॉयला आले. पहिल्याच सेमिस्टरला अभ्यास पार गडगडला. मला लेक्चरला धड बसवत नव्हतं, असाइनमेंट अर्धवट राहायच्या. युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरला गेले, तिथे बऱ्याच तपासण्या आणि बैठका झाल्या आणि मार्चमध्ये एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही अशा विकाराचं, निदान झालं. तेव्हापासून रोज सकाळी ॲडरॉल एक्सआर २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेते. चांगला फरक पडलाय. घरी मात्र सांगितलेलं नाही.

आम्ही चौघी एका घरात राहतो. मी इथे नवी आले तेव्हा त्यातल्या एकीने माझ्या वाट्याचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं भरलं होतं. पैसे मी फेडले, पण तिने तेव्हा केलं ते विसरता येत नाही. ऑक्टोबरमध्ये मिडटर्मच्या वेळी तिने एक कॅप्सूल मागितली, मी दिली. आठवड्याने आणखी एक दिली. दुसऱ्या वेळी तिची छाती धडधडायला लागली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तरी पेपर मस्त गेला म्हणाली. आता फायनल्स तोंडावर आल्यात. ती म्हणते, "चारच दे ना गं, तुला तर महिन्याला तीस मिळतात." परवा बाटली मोजली तर तीन कमी भरल्या. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

मी नाही म्हटलं तर स्नॅपचॅटवर कुणीतरी विकतो त्याच्याकडून घेईन, असं तिने बोलून दाखवलंय. मग वाटतं, माझ्याकडची निदान खरी तरी आहे. काय करू? आणि जे औषध तिला धोक्याचं, ते मी रोज घेते, मग मला काही होणार नाही का? आईला सांगू की नको?

(नाव छापू नये)

---

सगळ्यात आधी त्या तीन कॅप्सूल. कुणी घेतल्या याचा तपास करत बसू नकोस, कुणावर आळही घेऊ नकोस. आज रात्री चौघी जेवायला बसाल तेव्हा एवढंच सांग, "माझ्या औषधाच्या बाटलीतल्या तीन कॅप्सूल कमी आहेत. आजपासून मी ते कुलपात ठेवणार आहे." आणि खरंच ठेव. नंबरचं कुलूप असलेली छोटी पेटी मिळते, ती घे आणि नंबर कुणालाही सांगू नकोस. उद्या डॉक्टरांनाही कळव. ओरडा बसेल म्हणून घाबरू नकोस. कमी पडलेल्या दिवसांचं काय करायचं हे त्यांनीच ठरवायचं असतं, आणि पुढे हिशोब जुळला नाही की शंका तुझ्यावर येण्याआधी तू स्वतःहून सांगितलेलं बरं.

मी इथे अमेरिकेतच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ॲडरॉलचं प्रिस्क्रिप्शन आलं की ते औषध कुलपातल्या कपाटातून काढायचं, ट्रेवर पातळ पट्टीने पाच-पाच करून सरकवत मोजायचं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, शिल्लक वहीशी ताडून पाहायची. एक कॅप्सूल कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कुणाला चैन नसते. अमेरिकेच्या कायद्यात हे औषध शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांत आहे. त्याला रिफिल नसतं, दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि महिना भरायच्या आत सहसा मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर त्याचा तुटवडाच जाहीर झाला होता, आणि त्यानंतरही कित्येक महिने मी काउंटरवरून पेशंटना "आज नाही आलं, शुक्रवारी बघा" असं सांगून परत पाठवलंय. तेव्हा "तुला तर तीस मिळतात" हे तुझ्या मैत्रिणीचं गणित चुकीचं आहे. तुझ्या तीस म्हणजे तीस सकाळी. त्यातल्या चार तिला दिल्यास की तुझ्या चार सकाळी गेल्या, तेही ऐन फायनल्समध्ये.

आता तिच्या उपकाराबद्दल. परक्या देशात पाऊल ठेवताना ज्या मुलीने तुझ्यासाठी पैसे मोजले, ती भली मुलगी आहे. मला तिच्याबद्दल राग नाही, तुलाही नसावा. पण भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. मिंधेपणाने माणूस जे देतो ते द्यायचं त्याच्या मनात नसतं, म्हणून त्याला हद्दही घालता येत नाही. आधी एक, मग आणखी एक, आता चार, आणि मधेच कुणीतरी न विचारता तीन. तू तिचे पैसे फेडलेस. उरलेलं ऋण तिच्या आजारपणात खिचडी टाकून फेड, तिच्या आई-बाबांना विमानतळावरून आणून फेड. तुझ्या नावाचं औषध त्या हिशोबात धरू नकोस.

तुझी ती कॅप्सूल एकदा नीट बघ. आत बारीक मणी असतात. अर्धे पोटात गेल्यावर लगेच विरघळतात, अर्धे साधारण चार तासांनी. सकाळी आठला घेतलेलं औषध तुला दिवसभर पुरावं म्हणून ही रचना आहे. तुझ्या मैत्रिणीने ती कधी घेतली असेल? मला खात्री आहे, संध्याकाळी, अभ्यासाला बसताना. रात्री दहा-अकरापर्यंत मणी विरघळतच होते, आणि मोठ्या माणसाच्या अंगातून या औषधाचं प्रमाण निम्म्यावर यायला दहाएक तास लागतात. तिला झोप न येणं हा योगायोग नव्हता. सकाळी पेपरला बसली तेव्हाही औषध अंगात होतं. काहीजण लवकर चढावं म्हणून मणी चुरडून घेतात. मग दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. असं कुणी करताना दिसलं तर हात धरून थांबव.

तिची छाती धडधडली हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी त्या ओळीवर अडकले. ॲडरॉल म्हणजे ॲम्फेटामाइन, आणि त्याने मेंदूत डोपामीन आणि नॉरएपिनेफ्रिन वाढतं. त्याबरोबर नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, भूक मरते. तुला सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला असेल, हृदयाचं काही दुखणं आहे का विचारलं असेल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का हेही विचारलं असेल. हा शेवटचा प्रश्न आपल्या लोकांनी हसण्यावारी नेऊ नये. दक्षिण आशियाई घरांमध्ये हृदयविकार इतरांपेक्षा कमी वयात गाठतो. चाळिशीत गेलेला एखादा काका, "तसा धडधाकट होता हो" असा, आपल्याकडे घरोघरी निघतो. हृदयात जन्मापासूनचा एखादा दोष असेल तर वीस-बावीस वर्षं त्याचा पत्ताही नसतो, आणि या औषधाने तो एका रात्रीत उघडा पडू शकतो. तुझ्या मैत्रिणीला हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. ती नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी काही घेत असेल आणि तुम्हाला सांगितलं नसेल, तर तीही भर. काही औषधांबरोबर ॲम्फेटामाइन गेलं की अंग तापतं, थरथरतं, भ्रम होतो. वर रात्रभर एनर्जी ड्रिंक, आणि पेपर संपल्यावर पार्टीत दारू. या औषधावर दारू चढलेली कळत नाही, म्हणून माणूस पीत राहतो.

पुन्हा तसं झालं, म्हणजे छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, अंग भाजल्यासारखं तापणं, असंबद्ध बोलणं, झटका, यातलं काहीही, तर गुगल करत बसायचं नाही. ९११ लावायचं आणि काय घेतलंय ते खरं सांगायचं. नुसतीच शंका असेल तर विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट.

"पेपर मस्त गेला" हे ती मनापासून म्हणाली असणार. या औषधाने तसं वाटतं खरं. तू कॉम्प्युटर सायन्सची आहेस, तुला नॅपसॅकचा प्रश्न माहीत आहे: ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा भरायच्या. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना नेमका तोच प्रश्न सोडवायला दिला. वेगवेगळ्या दिवशी त्यांना मेथिलफेनिडेट, मोडॅफिनिल, डेक्स्ट्रोॲम्फेटामाइन किंवा नुसतीच औषध नसलेली गोळी दिली. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध घेतल्यावर मुलांनी जास्त वेळ दिला, जास्त वस्तू आत-बाहेर केल्या, मेहनत वाढली. उत्तरं मात्र सुधारली नाहीत, कारण एकेका हालचालीमागचा विचार ढासळला. जे एरवी सरासरीपेक्षा वरचढ होते त्यांचा तर औषधावर सरासरीच्या खाली जाण्याकडे कल दिसला. हा निष्कर्ष तिला वाचायला दे. ती हुशार आहे म्हणूनच दे.

ही ओढ काही आजची नाही. बेन्झेड्रिन नावाने ॲम्फेटामाइन नवं नवं आलं होतं तेव्हा, १९३७ च्या सुमारास, मिनेसोटाच्या विद्यार्थ्यांनी ते परीक्षेआधी घ्यायला सुरुवात केली होती आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने तेव्हाच इशारा दिला होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, या सगळ्या औषधांवरच्या चौकटीतल्या इशाऱ्यात वाटून घेण्याचा धोका ठळकपणे घालायला लावला, आणि कारण काय दिलं? गैरवापर करणाऱ्या बहुतेकांना हे औषध घरच्यांकडून नाहीतर मित्रमंडळींकडून मिळतं. तुझ्यासारख्या भिडस्त मुलीकडूनच.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न. तू दिली नाहीस तर ती बाहेरून घेणार. ही भीती खरी आहे, मी ती खोडून काढणार नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणारी दोन मुलं गेली, आणि ॲडरॉल म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचं अतिशय जहाल औषध, आहे असा इशारा कोलंबस शहराच्या आरोग्य खात्याला द्यावा लागला. फोनवरून विकली जाणारी "ॲडरॉल" पुष्कळदा नुसती मेथ (मेथॲम्फेटामाइन, नशेचं द्रव्य) असते आणि कधी फेंटानिल. दिसायला डिट्टो. खऱ्या ३० च्या गोळीवर एका बाजूला डीपी आणि दुसऱ्या बाजूला ३० असे ठसे असतात. गोळ्या दाबायचं यंत्र आणि ठसा आणला की तेच अक्षर बनावट गोळीवरही उमटतं. मी रोज खऱ्या गोळ्या हाताळते, तरी नुसत्या डोळ्यांनी मला खात्री देता येणार नाही, मग ती काय देणार? फेंटानिलचे दोन मिलिग्रॅम जिवावर बेतू शकतात. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, डीईएने, २०२३ मध्ये फेंटानिल असलेल्या ज्या बनावट गोळ्या तपासल्या त्यांत दर १० मध्ये ७ गोळ्यांत इतकं प्रमाण होतं. तिला कधी अफूच्या जातीच्या औषधाची सवय नाही, तिचं शरीर अर्ध्या गोळीतही श्वास घ्यायचं थांबू शकेल.

म्हणून काय, तू द्यायची? नाही. तू दिलेल्या चार चार दिवसांत संपतील, पाचव्या दिवशी ती त्याच माणसाला मेसेज करेल, फक्त तोवर तिला सवय झालेली असेल. तू तिला वाचवायचं ते हे सगळं तोंडावर सांगून. आणि नॅलोक्सोनचा, म्हणजे फेंटानिलसारख्या औषधाचा परिणाम उतरवणारा, नाकात मारायचा स्प्रे घरात आणून ठेव. मार्च २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी आहे, आणि बऱ्याच कॅम्पसवर फुकटही देतात. कुणी निळं पडलेलं, घोरल्यासारखा श्वास घेणारं, हलवून जागं न होणारं दिसलं तर आधी ९११, मग स्प्रे. गोळीत काय होतं याची खात्री नसली तरी मार. फेंटानिल नसेल तर त्याने नुकसान होत नाही.

"मी घरून मोडॅलर्ट मागवते" (म्हणजे मोडॅफिनिलची भारतातली गोळी) असा पर्याय तुमच्यापैकी कुणीतरी काढेलच, कारण पुण्यात ती ओळखीच्या केमिस्टकडून मिळते. मोडॅफिनिल भारतातही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही, आणि इथे ते शेड्यूल चारमध्ये येतं. चिठ्ठीशिवाय कुरियरने मागवणं म्हणजे कस्टम्सच्या हाती स्वतःचं नाव-पत्ता देणं. त्याने क्वचित अंगावर जिवघेणं पुरळ उठतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हे मुलींना कुणी सांगत नाही म्हणून मी इथे सांगतेय.

आणि व्हिसा. मैत्रीत दिलेली, एक पैसाही न घेता दिलेली कॅप्सूल इथल्या केंद्रीय कायद्यात वाटपच ठरते. नागरिक असलेल्या मुलाला वकील लावून, समुपदेशन घेऊन कदाचित सुटता येईल. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. नियंत्रित औषधाच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे परत पाठवलं जाण्याचं कारण होऊ शकतं, आणि मग पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ते आडवं येतं. सांगलीत तुझ्या घरच्यांनी कर्ज काढलं असेल, तर ते या दोन कॅप्सूलवर टांगू नकोस. जे झालं ते झालं. आजपासून एकही नाही. कधी कुणी अधिकृत चौकशी केली, तर एकटीने उत्तरं द्यायला जाऊ नकोस, आधी युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी विधी सेवेला गाठ.

मग तू रोज घेतेस त्याचं काय? तुझा डोस एका डॉक्टरने ठरवलाय, तोच डॉक्टर तुझी नाडी, रक्तदाब, वजन, झोप विचारतो आणि काही बिघडलं तर बदलतो. तुला एडीएचडी आहे, आणि त्या आजारावरचा हा नीट तपासलेला उपचार आहे. तो घेतेस म्हणून स्वतःला नशेडी समजू नकोस, आणि या पत्रामुळे घाबरून एकदम बंदही करू नकोस. घरात कुणी तरुणपणी हृदयाने गेलं असेल आणि तू ते डॉक्टरांना सांगितलं नसशील, तर तेवढं मात्र या आठवड्यात सांग.

मैत्रिणीशी बोलायचं ते फायनल्सच्या आदल्या रात्री नाही, आत्ता, आणि बाकीच्यांदेखत नाही, दोघींनीच. असं काहीसं: "मी आले तेव्हा तू जे केलंस ते मी विसरणार नाही. पैसे लागले तर माग. रात्रभर शेजारी बसून तुझ्याबरोबर अभ्यास करायचा तर बसते. पण माझं औषध मी तुला देणार नाही, यापुढे विचारूही नकोस. आणि त्या माणसाकडून तर काहीच घेऊ नकोस, मला तू हवी आहेस." ती चिडेल. दोन दिवस अबोला धरेल. धरू दे.

अबोला सुटला की तिला विचार, नेमकं कशात अडकलंय. एक सांगते, काउंटरच्या या बाजूने इतकी मुलं पाहिल्यावर: जी परीक्षेपुरती गोळी मागतात त्यांच्यात बहुतेकदा खोट एकाग्रतेत नसते. एखादी आठवड्याला वीस तास डायनिंग हॉलमध्ये भांडी घासून रात्री बारानंतर वही उघडते, एखाद्याने न झेपणारे चार कोर्स घेतलेले असतात, आणि नापास झालो तर घरी काय सांगू या धास्तीने अर्धी रात्र जाते. यांवर औषध नाही, पण वाटा आहेत. प्राध्यापकाला आज ईमेल केला तर मुदत वाढून मिळू शकते, परीक्षेच्या दिवशी केला तर नाही. एखादा कोर्स "इनकम्प्लीट" ठेवता येतो. कोर्स सोडायचा असेल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारायचं, कारण पूर्णवेळ क्रेडिट कमी झाले की व्हिसाचा प्रश्न येतो. आणि तिला खरोखर वाटत असेल की शाळेपासूनच आपलं लक्ष लागत नाही, वस्तू हरवतात, सगळं शेवटच्या घटकेला होतं, तर तू गेलीस त्याच हेल्थ सेंटरला तिला घेऊन जा. तुला मिळालं ते निदान तिलाही मिळू शकतं, तिच्या नावाने, तिच्या डोसने. अगदीच कोसळल्यासारखी वाटली, जिवाचं बरंवाईट बोलायला लागली, तर ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

राहिली आई. मला वाटतं, सांगावंस. फायनल्स झाल्यावर, शांतपणे, व्हिडिओ कॉलवर. "वेड्याची गोळी" हा शब्द तिच्या मनात येईल, तो तिने उच्चारण्याआधी तूच सांग की लहानपणी डबा, छत्री, वही रोज हरवायची त्याला एक नाव आहे आणि त्यावर उपचार आहे. आईला ते डबे आठवत असणार. सुट्टीत घरी जाणार असशील तर त्याआधी सांगितलेलं अधिक बरं, कारण ॲम्फेटामाइन भारतातही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. औषध न्यायचं की नाही, किती आणि कुठल्या कागदांसह, हे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना आणि भारतीय दूतावासाला विचारून घे. वाटेत दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलणार असशील तर तिथले नियमही आधी बघ, तिकडे नियंत्रित औषधाला पूर्वपरवानगी लागते.

पेटी मात्र आजच आण.